वरईचं साल कोण काढतं?

शहरातल्या एका धान्य महोत्सवात बचत गटाच्या स्टॉलवर एका ताईंनी वरईचं पाकीट उचललं, उजेडाकडे धरलं आणि विचारलं, "ही अशी पिवळट का दिसते? जुनी आहे का?" स्टॉलवरची मुलगी म्हणाली, "जुनी नाही ताई, पॉलिश केलेली नाही." ताईंनी मान डोलावली, पाकीट जागेवर ठेवलं आणि दोन स्टॉल पुढे जाऊन पांढरीशुभ्र भगर, म्हणजे वरईच, घेतली. भांडण नाही, घासाघीस नाही. चूकही कुणाची नाही. मुलीचं उत्तर शंभर टक्के खरं होतं आणि तरी ते अपुरं पडलं, एवढंच. कारण त्या पिवळट रंगाचं पूर्ण उत्तर द्यायचं तर सह्याद्रीच्या उतारावरून सुरुवात करावी लागते, वाटेत गिरणी लागते, व्यापाऱ्याची पायली लागते, बँक लागते. गर्दीच्या स्टॉलवर एवढं कोण ऐकणार आणि कोण सांगणार?

अकोले, इगतपुरी, पेठ, सुरगाणा, जव्हार, मोखाडा या पट्ट्यात वरई वरकस जमिनीवर होते. भातखाचरात नव्हे, त्याच्या वरच्या, नांगर धड चालत नाही अशा उतारावर. पाला, गोवऱ्या, काटक्या जाळून राब, म्हणजे रोपांचा वाफा, भाजायचा, पहिल्या पावसावर त्यात बी टाकायचं आणि रोपं हाताएवढी झाली की पाठीवर पाऊस घेत ती लावायची. जमीन थकू नये म्हणून पहिल्या वर्षी नाचणी, मग वरई, मग खुरासणी आणि नंतर पड, असा फेरा जुन्या लोकांनी बसवलेला आहे. पड ठेवायची ऐपत आता फारशी उरलेली नाही, हा भाग वेगळा. वरईची एक खोड म्हणजे सगळी लोंबी एकदम पिकत नाही. वरचे दाणे पिकतात तेव्हा खालचे हिरवे असतात. सगळे पिकायची वाट बघावी तर वरचे झडून जातात. म्हणून कापणी थोडी आधीच होते आणि दाण्यात ओल राहते. ही ओल लक्षात ठेवा, पुढे ती तीनदा आडवी येणार आहे.

मळणी झाली, वाऱ्यावर उफणून झालं, तरी हातात आलेला दाणा खाण्याजोगा नसतो. नाचणीचं तसं नाही. ती धुतली, वाळवली, जात्यावर किंवा चक्कीवर टाकली की भाकरीचं पीठ तयार. ज्वारी-बाजरीचंही तेच. वरई, सावा, राळा यांच्या दाण्यावर मात्र घट्ट, चकचकीत, काचेसारखं साल असतं. ते काढल्याशिवाय वरीचे तांदूळ होत नाहीत. पूर्वी पहाटे उठून बायका उखळात कांडत. कांडायचं, सुपात घेऊन पाखडायचं, उरलेलं पुन्हा उखळात. तीन-चार फेऱ्यांनी घरापुरती वरई निघायची आणि तिला मधासारखा एक रंग असायचा. पिवळट.

हे साल म्हणजे त्या धान्याची तिजोरी आहे. सालासकट वरई नीट वाळवून कणगीत ठेवली तर वर्षानुवर्षं टिकते, कीडही सहसा लागत नाही. दुष्काळी सालासाठी डोंगरातल्या घरांनी वरई राखून ठेवली ती याच कारणाने. साल निघालं की घड्याळ सुरू होतं. आतल्या कोंड्यात तेल असतं, त्याला हवा लागते आणि दोनेक महिन्यांत, उन्हाळ्यात त्याहून लवकर, दाण्याला खवट वास येऊ लागतो. यावर मोठ्या गिरण्यांनी शोधलेला उपाय म्हणजे पॉलिश: कोंडाच खरवडून टाका, तेल गेलं, खवटपणा गेला, दाणा पांढरा झाला, पाकीट सहा महिने दुकानात राहिलं तरी चिंता नाही. त्याबरोबर तंतू गेले, लोह गेलं. त्या ताईंना पांढरा रंग ताजेपणाची खूण वाटला यात नवल नाही. बाजारानेच त्यांना तसं शिकवलंय. प्रत्यक्षात पांढरी भगर किती जुनी आहे हे तिच्याकडे बघून कळत नाही, पिवळट वरई मात्र जुनी झाली तर वासानेच सांगते.

आता प्रश्न असा की साल काढायचं कुठे?

नाशिकच्या भगर मिल प्रसिद्ध आहेत. डोंगरातली वरई सालासकट पोत्यात भरून तिकडे जाते आणि पांढरी होऊन दुकानात येते. ज्या वाडीवर ती पिकली तिथे राहतो तो फक्त पेंढा. साल, कोंडा, कणी, रोजगार आणि नफा, सगळं गिरणीपाशी. न्याय्य शेती, प्रादेशिक अन्नव्यवस्था असे शब्द आपण वापरतो तेव्हा डोळ्यांपुढे एका टोकाला शेतकरी असतो, दुसऱ्या टोकाला खाणारा. माझं मत असं आहे की दोन्ही टोकांवर फारसं काही ठरत नाही. ठरतं ते मधे, साल काढणाऱ्या यंत्रापाशी, वजनकाट्यापाशी आणि पैसे कोणत्या महिन्यात हातात पडले यापाशी. या पट्ट्यात काम करणारी चांगली माणसं ओळखायची असतील तर त्यांच्या बोलण्याकडे लक्ष द्यावं. ती क्रांतीबद्दल कमी आणि बारदानाबद्दल जास्त बोलतात.

यंत्राचंच घ्या. भातासाठी रबरी रोलची गिरणी चालते, कारण भाताचा दाणा लांब आणि मोठा. वरईचा दाणा जेमतेम दोन मिलिमीटरचा, गोल. तो रोलमधून तसाच निसटतो. म्हणून फेकून आपटणारं यंत्र लागतं: मधे वेगाने फिरणारी चकती, तिच्यावर पडलेला दाणा कडेच्या कड्यावर आदळतो आणि साल फुटतं. वेग कमी पडला तर दाणे सालासकट बाहेर येतात, जास्त झाला तर कणी होते. त्यातही मोठे आणि बारीक दाणे एकत्र टाकले तर एकच वेग दोघांना लागू पडत नाही, मोठा फुटतो आणि बारीक तसाच राहतो. म्हणून आधी चाळण लावून प्रतवारी करायची आणि प्रत्येक प्रत वेगळी चालवायची. पहिल्या फेरीत सगळं साल काढायचा हट्ट करू नये. थोडा कमी वेग ठेवून दोन फेऱ्या घेतल्या तर कणी कमी पडते. मग पंख्याचा वारा. तो कमी असेल तर तांदळात साल राहतं, जास्त असेल तर सालाबरोबर तांदूळच उडून जातो. भुसा पडतो तिथे दर पंधरा मिनिटांनी मूठभर उचलून बघणारा माणूस ज्या केंद्रावर असतो, ते केंद्र सहसा तोट्यात जात नाही.

ओल पहिल्यांदा आडवी येते ती इथे. दहा ते बारा टक्क्यांच्या आसपास ओल असेल तर साल कडक राहतं आणि टचकन फुटतं. ओलसर दाणा आपटला की नुसता दबतो. अगदी कडकडीत वाळलेला दाणा सालाबरोबर स्वतःही फुटतो. ओलमापक यंत्र नसेल तर दाताखाली दाणा धरायचा. कट्ट आवाज आला तर गिरणीला लावायचा, नाहीतर ताडपत्रीवर आणखी दोन उन्हं द्यायची. ताडपत्रीचं महत्त्व वेगळंच आहे. शेणाने सारवलेल्या खळ्यावर मळलेल्या वरईत दाण्याच्याच आकाराचे खडे येतात. चाळणीला ते कळत नाहीत, कारण चाळण आकार बघते. त्यासाठी वजनाने वेगळं करणारं, कललेल्या थरथरत्या जाळीचं खडे काढायचं यंत्र लागतं, आणि छोट्या केंद्रांना अनेकदा साल काढायचं यंत्र मिळतं, हे मात्र मिळत नाही. अनुदानाच्या यादीत एकच यंत्र बसलेलं असतं. शहरातल्या गिऱ्हाइकाच्या दाताखाली एक खडा आला की पुढच्या वर्षीची मागणी गेली. एक ताडपत्री हजार माहितीपत्रकांपेक्षा जास्त गिऱ्हाइकं टिकवते.

आणि वीज. वाडीवर थ्री फेज नसतं. सिंगल फेजवर मोटर चालते, पण संध्याकाळी घरोघरी दिवे लागले की दाब उतरतो, चकती मंदावते आणि सकाळी बरोबर बसवलेली गिरणी संध्याकाळी सालासकट वरई बाहेर टाकू लागते. यंत्र बिघडलं म्हणून कारागीर बोलावतात. यंत्राला काही झालेलं नसतं.

हे सगळं जमलं तर १०० किलो वरईतून ६० ते ७० किलो तांदूळ निघतात. हा आकडा दिसतो त्यापेक्षा निर्दयी आहे. धरून चला, सालासकट वरई ३० रुपये किलोने घेतली. उतारा ६५ टक्के पडला तर एक किलो तांदळात नुसत्या कच्च्या मालाचे ४६ रुपये जातात. वेग चुकला, ओल राहिली, उतारा ५५ वर आला, तर तेच साडेचोपन्न होतात. म्हणजे शेतकऱ्याला किलोमागे चार-पाच रुपये जास्त देऊ असं ठरावात लिहिणारी कंपनी ते पैसे गिरणीतच सांडून बसलेली असते. शेतकऱ्याला जास्त भाव देण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग पंखा नीट लावणं हा आहे, हे कुठल्या व्यासपीठावरून ऐकू येत नाही.

आता व्यापारी. त्याला खलनायक करून टाकणं सोपं आहे, आणि काही अंशी तो आहेही. अनेक वाड्यांवर अजून वजनाने नव्हे, मापाने खरेदी होते. पायली गावागणिक बदलते, शिवाय घेताना तिच्यावर शीग, म्हणजे काठावरचा ढीग, चढते. ओला दाणा फुगलेला असतो, म्हणून माप भरल्यासारखं दिसतं आणि भाव पाडायलाही तीच ओल कामी येते. ओल आडवी आली ती दुसऱ्यांदा. पण हाच व्यापारी भर आषाढात, रस्ता वाहून गेलेला असताना, तांदूळ, तेल, औषधाचे पैसे घेऊन दारात आलेला असतो. ती उचल दिवाळीत वरईने फिटते. ठरलेला भाव त्याचा. सरकारला हे माहीत नाही असं नाही. आदिवासी विकास महामंडळ १९७२ पासून आहे, आणि १९७६ च्या कायद्यानंतर आदिवासी भागात एकाधिकार खरेदी सुरू झाली ती नेमकी ही साखळी तोडायला. अडचण अशी की खरेदी केंद्र पीक निघाल्यावर उघडतं आणि भूक पीक निघायच्या आधी लागते. हमीभावाचं म्हणाल तर केंद्र सरकार भरडधान्यांपैकी ज्वारी, बाजरी आणि नाचणीला तो जाहीर करतं. नाचणीचा २०२५-२६ चा भाव क्विंटलला ४,८८६ रुपये होता. वरईला हमीभावच नाही. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून गाजलं, पोस्टरवर वरईचा फोटोही असायचा. भावाच्या यादीत ती आली नाही.

मग शेतकरी उत्पादक कंपनी काढायची. कायद्याने दहा उत्पादक पुरतात, पण २०२० च्या दहा हजार कंपन्यांच्या केंद्रीय योजनेत बसायचं तर सपाटीवर ३०० आणि डोंगराळ भाग म्हणून ठरवलेल्या ठिकाणी १०० सभासद लागायचे. तीन वर्षं व्यवस्थापनाचा खर्च मिळायचा, जास्तीत जास्त १८ लाख. नोंदणी होते, बोर्ड लागतो, फोटो निघतो. चौथ्या वर्षी व्यवस्थापकाचा पगार कोण देणार हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारलेला नसेल तर तो चौथ्या वर्षी कुलपाच्या रूपाने उत्तर देतो. त्याच नाशिक जिल्ह्यात मोहाडीची सह्याद्री फार्म्स ही द्राक्षं निर्यात करणारी कंपनी शेतकऱ्यांच्या मालकीने उभी राहिली, हे उदाहरण प्रत्येक प्रशिक्षणात दाखवतात. दाखवावंच. फक्त द्राक्षात जेवढे पैसे फिरतात तेवढे वरईत फिरत नाहीत, हेही त्याच तासात सांगावं. वरईच्या कंपनीने द्राक्षाच्या कंपनीचे कपडे घातले की ते पायात अडकतात. तिला वातानुकूलित पॅकहाउस नको. कोरडं गोदाम, लाकडी फळ्या, चार भिंतींपासून हातभर अंतर आणि एक प्रामाणिक काटा पुरतो.

वरईची मागणी पंचांगाला बांधलेली आहे. आषाढी, श्रावण, नवरात्र, महाशिवरात्र. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या वाणाचं नावच 'फुले एकादशी' आहे, म्हणजे शास्त्रज्ञांनाही गिऱ्हाईक कोण ते नीट माहीत! पण पीक येतं कार्तिकाच्या सुमाराला आणि मोठी मागणी सात-आठ महिन्यांनी. मधल्या काळात माल राखायला पैसा लागतो. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना ज्या पिकांना लागू आहे त्यांना मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज देते, ६ टक्के व्याजाने, १८० दिवसांसाठी. सोयाबीनला ही मुदत बरी. वरईसारख्या पिकाला तीच मुदत लावली तर नोव्हेंबरच्या मध्यावर ठेवलेला माल मेच्या मध्यावर सोडवावा लागेल, आणि आषाढी असते जून-जुलैमध्ये. भाव चढायच्या तोंडावर माल विकावा लागेल. योजना आखणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार, समोर पंचांग नव्हतं एवढंच.

तिसऱ्यांदा ओल येते ती ताटात. नवरात्रात आणि महाशिवरात्रीला भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या दर काही वर्षांनी वाचायला मिळतात. दमट जागी पडलेली भगर, आणि त्याहून जास्त तिचं आधी दळून ठेवलेलं पीठ, ओलावा ओढून घेतं आणि त्यावर बुरशी धरते. अन्न व औषध प्रशासन दरवेळी सांगतं, सुटं पीठ घेऊ नका, भगर निवडून, धुऊन, लागेल तेवढीच दळा. बरोबर सल्ला आहे. पण उपवासाच्या आदल्या दिवशी घाईत सुटं पीठ घेणारं गिऱ्हाईक, ते तीन महिने पोत्यात ठेवणारा दुकानदार आणि ओली वरई विकून उचल फेडणारा शेतकरी हे एकाच दोरीवर आहेत. जवळच्या गटाने महिन्याला लागेल तेवढंच साल काढलं, पाकिटावर साल काढल्याची तारीख ठळक टाकली, पीठ विकायचंच नाही असं ठरवलं, तर हा धोका बराच उतरतो. गंमत म्हणजे जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पाकीटबंद धान्यावर ५ टक्के जीएसटी आहे, सुट्यावर नाही. वर्षाला ४० लाखांच्या आतली उलाढाल असलेला गट यातून सुटतो, पण वाढला की अडकतो. नाव-गाव-तारीख लिहिणाऱ्याला कर, न लिहिणाऱ्याला माफी.

गिरणी वाडीवर आली म्हणजे सगळं गोड झालं असंही नाही. उखळ थांबलं, बायकांच्या खांद्यांना आणि पहाटेच्या झोपेला आराम मिळाला, याबद्दल दुमत नको. हाताने कांडलेल्या धान्याची चव आठवून उसासे टाकणाऱ्यांनी एक हिवाळा कांडून बघावं. पण हातकामाचं यंत्रकाम झालं की खुर्चीवर बहुधा पुरुष बसतो. कांडणारी बाई पाकिटं चिकटवायला जाते, रोजावर. ज्या गटात यंत्र चालवायचं, बेअरिंगला ग्रीस द्यायचं, पट्टा बदलायचा हे बायकांनाच शिकवलं जातं तिथे चित्र वेगळं दिसतं, पण ते ठरवून करावं लागतं, आपोआप होत नाही. दुसरी गोष्ट जास्त बोचणारी. वरईला शहरात भाव आला की घरातली वरई पाकिटात जाते आणि ताटात २०२३ पासून मोफत झालेलं रेशनचं धान्य येतं. शहरातल्या माणसाची साखर आटोक्यात राहावी म्हणून डोंगरातल्या पोराच्या ताटातून वरई गेली, तर या व्यवहाराला न्याय्य म्हणायला जीभ रेटत नाही. म्हणून खरेदीच्या नियमात पहिली ओळ अशी हवी: घरची कणगी भरल्याशिवाय गट वरई घेणार नाही. माणशी किती किलो ते वाडीने ठरवावं. बियाण्याची गाडगी तर त्याच्याही आधी, लोंब्या शेतात उभ्या असतानाच निवडून. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० ची पद्मश्री जाहीर झाली ती या गाडग्यांच्या कामासाठी, आणि २००१ च्या पीक वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला आपलं बी राखायचा, वाटायचा, अगदी विकायचाही हक्क दिलेला आहे, फक्त संरक्षित वाणाचं बी ब्रँड लावून विकता येत नाही. पण नुसतं बी हातात असून भागत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडून एचएमटी भात घडवला. तो देशभर पेरला गेला, गिरण्यांनी विकला. दादाजी २०१८ मध्ये वारले ते हलाखीत. बी त्यांचं होतं, मधलं काहीच त्यांचं नव्हतं.

मग मधलं आपलं करायला किती पैसे लागतात? एका छोट्या गटाचा हिशोब मांडू. ५० क्विंटल वरई, ३० रुपये किलो, म्हणजे दिवाळीपूर्वी दीड लाख रोख. ६५ टक्के उताऱ्याने ३,२५० किलो तांदूळ. एका घराला वर्षभराच्या उपवासांना आणि अधूनमधून भाताऐवजी पाच किलो पुरतात असं धरलं, तर ही ६५० घरं झाली. प्रत्येक घराने दसऱ्याला साधारण २३० रुपये आगाऊ दिले की व्यापाऱ्याइतकीच रोख रक्कम गटाच्या हातात येते. साल काढणावळ, पाकीट, वाहतूक याचे पैसे नंतर, माल घेताना. शिल्लक राहील ती सभासदाला दुसऱ्या हप्त्यात, आणि हा हप्ता मृगाच्या आधी पडला पाहिजे. वीटभट्टीवरून कुटुंबं परतलेली असतात, राब भाजून झालेला असतो, घरात पैसा नसतो आणि उचलीची वेळ झालेली असते. दिवाळीतले पाचशे आणि ज्येष्ठातले पाचशे यांची किंमत डोंगरात सारखी नाही.

यात बिघडतं कुठे, तर अवकाळीत. खळ्यावर वरई पडलेली असताना दोन दिवस पाऊस झाला, दाणे काळे पडले, ५० ऐवजी ३० क्विंटलच हाती आली, तर ६५० घरांचे आगाऊ पैसे कुणाच्या अंगावर? व्यापारी हा तोटा पुढच्या वर्षीच्या उचलीत ढकलतो. गटाने रक्कम परत करायची तर ती शेतकऱ्याच्या दुसऱ्या हप्त्यातून जाणार, म्हणजे पुन्हा तोच भरडला जाणार. माझ्या मते हे दसऱ्यालाच लिहून घ्यावं: पीक कमी आलं तर पाकीटही त्या प्रमाणात कमी, पैसे परत नाहीत. तीस क्विंटल आली तर पाचऐवजी तीन किलो. ज्यांना हे पटणार नाही त्यांनी माल तयार झाल्यावर, तेव्हाच्या भावाने घ्यावा. यादी ६५० वरून ४०० वर येईल. तेवढ्यांतही ३१ क्विंटलची सोय होते, सुरुवातीला ती पुष्कळ झाली.